एकाचा झाला नऊ

"काका, माझ्यासाठी प्रार्थना करा," फोनवरची बाई म्हणाली.

वेलांटीकाकांच्या एका हातात दाढीचा ब्रश होता आणि अर्ध्या गालावर फेस. "राँग नंबर," म्हणून त्यांनी फोन ठेवला. गालावरचा फेस वाळेपर्यंत असे आणखी तीन फोन आले.

काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. जन्मभर दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिलं होतं. देवावर त्यांचा विश्वास नव्हता. "इतक्या चुका राहू देणारा संपादक मी मानत नाही," असं ते म्हणत. निवृत्तीनंतर ते थोरल्या बहिणीकडे राहायला आले होते. ताई मात्र देवाला दोघांच्या वाटणीचं मानत.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. चौकातल्या प्रार्थना केंद्राने नवी पाटी लावली होती आणि फोन नंबरातल्या शेवटच्या एकाचा रंगाऱ्याने नऊ करून ठेवला होता. काका तडक केंद्रात गेले. व्यवस्थापक हसतमुख होता.

"पाटी दुरुस्त करा."

"करू की. रंगारी गावाला गेलाय. पण काका, फोन नेमका तुमच्याच घरी लागावा, यात काहीतरी योजना असेल हो."

"योजना कसली? हलगर्जीपणा आहे."

"त्याची लीला म्हणा."

"कुणाची? रंगाऱ्याची?"

रंगारी काही परतला नाही. 'राँग नंबर' सांगून सांगून काकांचा घसा बसला. एका दुपारी एक आजीबाई काही केल्या पिच्छा सोडेनात, तेव्हा काका वैतागून ओरडले, "केली! झाली प्रार्थना! ठेवा आता!"

दुसऱ्या दिवशी आजीबाईंचा पुन्हा फोन. नातवाचा ताप उतरला होता. "तुमच्या शब्दाला वजन आहे हो," त्या म्हणाल्या, आणि ते वजन त्यांनी शेजारणींमध्ये वाटून टाकलं. मग काय, फोन खणखणतच राहिला. काका 'हो, केली' म्हणू लागले. भांडण्यापेक्षा ते सोपं होतं. हळूहळू ते सकाळी लवकर दाढी उरकून फोनशेजारी बसू लागले. कुणाची नोकरी, कुणाचा रुसलेला मुलगा, कुणाचा दुखरा गुडघा, सगळं ऐकून घेऊ लागले. खरं बोलत होते तेव्हा त्यांना रात्र-रात्र झोप नसे. आता खोटं बोलून ते गाढ झोपत, आणि हेच त्यांना खुपत होतं.

"ताई, मी लोकांना फसवतोय."

"देव नाहीच म्हणतोस ना? मग प्रार्थना केली काय नि न केली काय, सारखंच. फसवलंस कुठे?"



मग एक दिवस एका बाईचा दुसऱ्यांदा फोन आला. ती घरी शिवणकाम करायची. "ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. पण तुम्ही प्रार्थना केल्यापासून ह्यांना एकदम बरं वाटतंय बघा. म्हटलं, ऑपरेशन रद्दच करावं."

काका ताडकन उभे राहिले. "अहो बाई, मी कुणी नाही! माझा देवावर विश्वाससुद्धा नाही!"

"मोठी माणसं असंच बोलतात."

"आजवर मी एकदाही प्रार्थना केलेली नाही!"

"काय ही नम्रता!"

खरं जितकं जोरात सांगावं तितकी बाईची श्रद्धा वाढत होती. शेवटी काकांनी डोळे घट्ट मिटले. "बाई, ऐका. मला आतून आवाज आलाय. ऑपरेशन करा म्हणतोय."

"खरंच?"

"खरंच. आणि डॉक्टर देतील त्या गोळ्या वेळेवर घ्या, असंही म्हणतोय."

"बरं," बाईला रडू फुटलं. "झालं की तुम्हाला कळवते."

काकांनी फोन ठेवला. आज ही विचारत तरी होती. उद्या कुणी न विचारताच औषधं बंद केली तर? त्यांनी रंगाचा डबा आणि कुंचला विकत आणला आणि स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने नऊचा एक केला. स्टूल व्यवस्थापकाने धरलं होतं.

फोन गप्प झाला.

आणि मग काकांच्या लक्षात आलं. ती बाई आता पाटी बघून बरोबर नंबर फिरवणार. तिचा नंबर काकांकडे नव्हता, नावही नव्हतं. आयुष्यभर चुका सुधारल्या, पण एखादी सुधारल्याचा पस्तावा त्यांना प्रथमच होत होता.

"असेल बरा तिचा नवरा," ताई म्हणाल्या.

"असेल म्हणजे काय?" काका खेकसले. दोन दिवस ते नीट जेवलेही नव्हते.

शेवटी चौकशी करायला त्यांनीच केंद्राला फोन लावला. पलीकडे माणूस नव्हताच. "आमच्या नव्या स्वयंचलित सेवेत आपलं स्वागत आहे," ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला. "आजारपणासाठी एक दाबा. घरातल्या भांडणांसाठी दोन दाबा. सुख हवं असल्यास कृपया प्रतीक्षा करा."

काकांनी एक दाबला.

"घंटी वाजल्यावर बोला."

"हे बघा, मला स्वतःला काही नको," काका चाचरत म्हणाले. "एक शिवणकाम करणारी बाई आहे. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं. ते... ते नीट झालेलं असू दे. तो घरी आलेला असू दे. बस, एवढंच."

"आपली प्रार्थना नोंदवली आहे. धन्यवाद."

"अहो थांबा! प्रार्थना नव्हे, चौकशी! दुरुस्त करा ते!" काका ओरडले.

पण फोन बंद झाला होता.