देवाजीभाऊंचं अलास्का टाइमटेबल

देवाजीभाऊ सकाळी नऊच्या सुमाराला माझ्या दुकानाची पायरी चढतात, चप्पल बाहेर काढतात आणि अलास्कातलं एक जहाज या घडीला कुठं उभं आहे ते मला सांगतात.

"झेरॉक्सबाई, जहाज जुनोले उभं हाये. तिकडं कालची संध्याकाळ चालू हाये, साडेसात वाजले. दीड घंट्यानं सुटन. नोंद घ्यावी."

मी विचारलेलं नसतं. समोर कोणी सातबारा काढायला आलेलं असतं, कोणाच्या पोरीचा भरतीचा फॉर्म अर्ध्यात अडकलेला असतो, सर्व्हर नेहमीसारखा झोपलेला असतो. त्यात हे अलास्का. सुरुवातीला मला वैताग यायचा. आता जहाज कुठं आहे ते कळल्याशिवाय माझी मशीन गरम होत नाही.

माझं दुकान गडचिरोलीच्या बसस्टँडसमोर आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. आणि देवाजीभाऊ त्या स्टँडवर तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवर गाड्या पुकारायचे. मूळचे सावलीकडचे, घरचा धंदा तलावातल्या मासोळ्यांचा, पण यांच्या डोक्यात लहानपणापासून गाड्याच. रिटायर झाले, माइक सुटला, आवाज काही सुटला नाही. घरी बायकोला, इंदूबाईंना, "चहा किती मिनिटं लेट हाये" असं विचारतात. इंदूबाई म्हणतात, "आज रद्द." आणि चहा आणून ठेवतात.

तर या माणसाने दोन वर्षांपासून अलास्काच्या एका पर्यटक जहाजाचं टाइमटेबल बनवायला घेतलं आहे. मोठं रजिस्टर, त्यात पट्टीने आखलेले रकाने: बंदर, आगमन, निर्गमन, हाल्ट, शेरा. माहिती मी नेटवरून काढून द्यायची, छापायची. ते ती घरी नेऊन बारीक अक्षरात उतरवणार आणि दुसऱ्या दिवशी शंका घेऊन हजर. शंका अशा की माझ्यासारखीचं डोकं भणाणून जावं.

"बाई, हे जहाज रातभर चालते अन् दिवसा उभं राह्यते. म्हंजे उलटी मुक्कामी गाडी झाली."

आमच्याकडे मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी आतल्या गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे शाळा-कॉलेजची पोरं घेऊन परत येते. देवाजीभाऊंनी दोन दिवस विचार केला आणि जहाजाला रजिस्टरात 'मुक्कामी (उलट)' अशी नोंद केली. तेव्हा कुठं त्यांना पुढं सरकता आलं.

प्रत्येक बंदरापुढे त्यांनी एक रकाना ठेवला होता: 'पूर आल्यास पर्यायी मार्ग'. मी म्हटलं, "भाऊ, समुद्राला कुठला पूर येतो?"

"पाणी म्हंजे पाणी, बाई. तीस वर्षं पावसाळ्यात मी एकच काम केलं. रस्ता बंद हाये म्हणून सांगतलं. तो रकाना राहू द्या."

मग जुनोचं प्रकरण झालं. जुनो ही अलास्काची राजधानी. बंदरावर उतरून पुढे बसने कुठं कुठं जाता येईल ते त्यांना हवं होतं. मी नकाशा उघडला, मोठा केला, आणखी मोठा केला. त्या गावाला बाहेरून येणारा रस्ताच नाही. जहाजाने या नाहीतर विमानाने. देवाजीभाऊ स्क्रीनवर वाकले.

"राजधानी हाये ना?"

"हो भाऊ."

"अन् रस्ता नाई?"

"नाही."

"बाराही महिने?"

"बाराही महिने."

ते स्टुलावर बसले. "अन् लोकं आमच्या भामरागडले हसते," म्हणाले. भामरागडचा रस्ता निदान पावसाळ्यापुरताच बंद होतो. पुढचे दोन दिवस स्टँडवर जो भेटेल त्याला हे सांगत होते. एका कलेक्टर ऑफिसच्या बाबूला तर चहाच्या टपरीवर थांबवून सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क समाधान दिसलं.

किनाऱ्यावरच्या सहली निवडताना मात्र मी त्यांना मानलं. जहाजवाले एकेका बंदरावर पंधरा-वीस सहली दाखवतात. फोटो बघून माझ्यासारखीला सगळंच करावंसं वाटतं. देवाजीभाऊ एकेक वाचून काट मारत होते. देवमासा पाहणे, काट. "जनावर टायमाले येत नाई. ताडोब्यात तीन तीन सफाऱ्या करून वाघाचं शेपूटबी न दिसलेले लोकं मी नागपूरच्या गाडीत बसवले हाये." हेलिकॉप्टरने बर्फावर उतरणे, काट. "उतरवलं, अन् धुकं आलं तं परत कोण आणन?" स्कॅगवे बंदरातली डोंगरावर चढणारी छोटी रेल्वे पाहून ते विरघळले, कारण नागभीडची छोटी गाडी त्यांच्या जीवाभावाची होती. तिच्यावर तर ते अर्धा तास बोलले. पण तिलाही शेवटी काट मारली. "वेळेत बसत नाई."

जहाजाचा प्रवास संपल्यावर आतल्या मुलखाची सहल असते. आगगाडीने डोंगरदऱ्यांतून दिवसभर जायचं, मोठ्या जंगलाच्या दाराशी उतरायचं. त्या जंगलात काही मैलांनंतर खासगी गाड्या बंद, पुढे फक्त बस. हे मी वाचून दाखवलं तेव्हा देवाजीभाऊ उभे राहिले. खरोखर उभे राहिले.

"फक्त बस?"

"फक्त बस, भाऊ."

"ह्याले म्हणते कारभार," ते म्हणाले आणि त्या पानाच्या दोन प्रती मागितल्या.

आता एवढं सगळं चाललेलं, तर गावाने काय समजायचं? देवाजीभाऊ आणि इंदूबाई अलास्काला निघाले. कोणी स्वेटर देऊ केला, कोणी "बर्फात चप्पल चालत नाई बरं" म्हणून बजावलं. देवाजीभाऊ कोणालाच हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. आणि मी, स्वतःला शहाणी समजणारी, एक दिवस त्यांना म्हटलं, "भाऊ, पासपोर्ट आणा दोघांचे. स्कॅन करून ठेवते."

"माह्या पासपोर्टचं काय काम?"

"पासपोर्टाशिवाय जाल कसे?"

 मला तेव्हा रजिस्टरातली आणखी एक गोष्ट टोचत होती, तीही विचारून टाकली. "आणि जहाज बंदरावर दिवसभर उभं असतं, तुम्ही मात्र पाच ते आठ एवढंच उतरता. असं काऊन?"

"तेवढीच सुटी असते."

"कोणाची?"

त्यांनी रजिस्टर मिटलं. "राकेशची," म्हणाले.

राकेश त्यांचा एकुलता एक मुलगा. तो त्या जहाजावर पाव भाजतो. रात्री भट्टीसमोर, दुपारी झोप, संध्याकाळी तीन तास मोकळे, मग परत कामावर. मला वाटत होतं तो मुंबईला कुठल्या हॉटेलात आहे. देवाजीभाऊंनी दोन वर्षांत जहाजाचं तोंडभरून सांगितलं, पण त्या जहाजावर आपला मुलगा आहे हे काही सांगितलं नव्हतं.

मग हळूहळू सांगू लागले. त्यांना राकेश पोलिसात हवा होता. तीन वेळा भरतीला पळवला, तिन्ही वेळा थोडक्यात राहिला. चौथ्यांदा पळायच्या ऐवजी पोराने जहाजाचं पत्र पुढं केलं. देवाजीभाऊ म्हणाले, "समुद्रावर जाऊन भाकरी भाजशील? मंग माह्याशी बोलू नोको." पोरगं बापासारखंच. बोललं नाही.

"गेला त्या दिवशी मी ड्युटीवर होतो, बाई. त्याची आई होती फलाटावर. मी माइकवर पुकारलं, नागपूर गाडी फलाट दोनवर लागली. पुकारायले पुकारलं, पण केबिनीच्या भाईर नाई आलो. रजिस्टरात मान घातली ते गाडी गेल्यावर काढली. लोकायच्या पोराच्या हजारो गाड्या सोडल्या मी. माह्या पोराले सोडाले नाई आलो."

आवाज त्यांचा तोच, माइकवरचा, फक्त खाली बसलेला.

तेव्हापासून राकेश आईशी बोलतो. बापाला "बरा आहो म्हणून सांग" एवढंच. आणि आईला त्याने एकदा सांगितलं की दोन सीझन झाले, तो एकदाही बंदरावर उतरलेला नाही. एकटा उतरून कुठं जाऊ, म्हणतो. सुटीत खाली खोलीत झोपून राहतो.

"सारी दुनिया पैसे देऊन जाते तिथी," देवाजीभाऊ म्हणाले, "अन् माहा पोरगा पलंग पाहून राह्यला."

म्हणून हे टाइमटेबल. जहाजाच्या शिडीपासून किती मिनिटं, कुठल्या बाजूने, कुठं बसायला बाक आहे, कुठं फुकट पाहायला मिळतं, किती वाजता परत फिरायचं. आतल्या मुलखाची सहल कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर चार दिवस मिळाले तर, म्हणून. त्या दिवसापासून दर आठवड्याला सुधारित पान. मी फोटो काढायचा, त्यांच्या फोनवरून राकेशला पाठवायचा. दोन निळ्या खुणा यायच्या. उत्तर यायचं नाही. असा मे गेला, जून गेला, जुलै गेला.

मी एकदा चिडलेच. "भाऊ, सरळ फोन करा आणि चुकलं म्हणा. काय ते रकाने आखता."

"मले माफी मागता येत नाई, बाई. टाइमटेबल बनवता येते," ते म्हणाले. मी गुपचूप प्रिंट काढली.

ऑगस्टमध्ये एका सकाळी ते आले, "स्कॅगवे" एवढं म्हणाले आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला. व्हिडिओ कॉल. काउंटरपाशी कुरखेड्याची एक बाई उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभी होती. मी तिला हाताने थांबवलं. देवाजीभाऊंनी फोन उलटा धरला, मी सरळ करून दिला.

स्क्रीनवर दाढी वाढलेला एक तरणाताठा मुलगा, मागे डोंगर, अंगावर संध्याकाळचं लख्ख ऊन.

"बाबा, उतरलो."

देवाजीभाऊंनी फोन दोन्ही हातांनी धरला. 

"रूळ ओलांडून वर तलाव लिहिला होता ना तुम्ही, तिथी जाऊन आलो. पंचवीस मिनिटं लिहिले होते. मले चाळीस लागले. लय चढ हाये."

"दुरुस्ती करतो," देवाजीभाऊ म्हणाले आणि खिशात पेन चाचपू लागले. पेन हातात आलं, पण लिहिलं काही नाही. "कसा हाये तलाव?"

"सावलीच्या तलावाएवढा नाई. पण पाणी लय हिरवं हाये. आईले दाखवायले फोटो काढले." मग म्हणाला, "तुमालेबी पाठवतो."

"पाठव."

 मी कॉम्प्युटरवर उगाच बटणं दाबत होते.

"चलतो बाबा. आठच्या आत चढा लागते."

"अजून वेळ हाये," देवाजीभाऊ घाईने म्हणाले. "फोन नोको ठेवू. वर चढेपर्यंत चालू ठेव. मले पाहू दे."

राकेशने फोन तसाच समोर धरला आणि चालू लागला. लाकडी धक्का, लोकांचे पाय, मग जहाजाची पांढरी भिंत. शिडीपाशी कार्ड दाखवायला रांग होती. रांगेत उभा राहून तो फोनमध्ये बघत होता, देवाजीभाऊ इकडून.

"त्या दिवशी," देवाजीभाऊ म्हणाले, "मी केबिनीच्या भाईर याले पाह्यजे होतो, बेटा. चुकलं माह्यं. मी मान वर नाई केली."

"केली होती बाबा," राकेश म्हणाला. "मी गाडीच्या खिडकीपाशीच होतो. काचेतून दिसत होते तुम्ही. गाडी गेटातून वळेपर्यंत उभेच होते."

रांग सरली. त्याने कार्ड पुढं केलं, वळून हात हलवला आणि आत गेला. चित्र थांबलं, मग गेलं.

देवाजीभाऊंनी फोन खिशात ठेवला; मान घातली होती की वर केली होती, ते मी विचारलं नाही. मग दाखल्यासाठी थांबलेल्या त्या बाईकडे वळले. तिची आणि त्यांची काहीच ओळख नव्हती.

"माहा पोरगा हाये," तिला म्हणाले.