पिवळे पाय, हिरवे पाय

रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाल्यावर अप्पांना घरात कुणी फायली मागेना. वेळ जावा म्हणून त्यांनी परसात एक कोंबडा आणि दोन कोंबड्या आणल्या. कोंबड्यांचे पाय पिवळेधमक. कोंबड्याचे मात्र हिरवट, शेवाळ धरलेल्या दगडासारखे. "खानदानी आहे," अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. (कुठलं खानदान, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.)

बारा पिल्लं निघाली. दोनेक महिन्यांत पायांवर रंग चढला: सात हिरवी, पाच पिवळी.

अप्पांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग कुंपणापलीकडे पाहिलं. तिथे शिंप्याचा कोंबडा पिवळ्या पायांनी ऐटीत फिरत होता.

"अहो, आईवर गेली असतील पाच," बायको म्हणाली.

"बाप खानदानी असताना?" म्हणत अप्पा तडक शिंप्याच्या दुकानात.

"तुमच्या त्याला आवरा जरा! आमच्याकडे येतो तो, चोरून!"

शिंप्याच्या हातातली कात्री थांबली. "कोण? आमचा थोरला?"

"पाच पिल्लं झाली, पाच!"

माप द्यायला आलेल्या बाई पिशवी घेऊन उठल्याच. कोंबड्याविषयी चाललंय, हे कळेपर्यंत शिंप्याचा चेहरा लाल झाला होता. "वीस वर्षांचा शेजार," तो म्हणाला, "आणि तुम्ही माझ्या घरावर आळ घेता? या आता." त्या दिवसापासून ओट्यावरचा दोघांचा संध्याकाळचा चहा बंद.

पंधरा दिवसांनी पशुवैद्य बाई लस टोचायला आल्या. अप्पांनी त्यांच्यापुढे प्रकरण मांडलं. बाईंनी एकेक पिल्लू उचलून तुरा पाहिला आणि त्या हसल्या.

"पिवळे पाचही नर आहेत. हिरव्या सातही माद्या. सगळी तुमच्याच कोंबड्याची."

"असं कसं?"

"पिवळ्या कातडीखाली काळपटपणा असला की पाय हिरवट दिसतात. तो काळपटपणा दाबून टाकणारा एक गुण असतो. तुमच्या कोंबड्यांत तो आहे, कोंबड्यात नाही. आणि कोंबडी तो फक्त मुलग्यांना देते. म्हणून मुलगे आईसारखे पिवळे. मुलींना तो आईकडून मिळतच नाही, त्या उतरतात बापावर."

बाई गेल्या. अप्पा खुराड्यासमोर पाटावर बसून राहिले. मुली बापावर. त्यांची एकुलती एक मुलगी बँकेची नोकरी सोडून मातीची भांडी घडवायला लागली होती. "परत जा, नाहीतर फोन करू नकोस," असं अप्पा म्हणाले होते. तिने आठ महिने केला नव्हता. "हटवादी कार्टी, आईवर गेलीय," असं ते बायकोला रोज ऐकवत, आणि बायको मुकाट्याने भाजी चिरत असे. आयुष्यात कधीही कशावर न अडलेली ती बाई! अप्पांना पहिल्यांदाच त्या मुकाटपणापुढे स्वतःची लाज वाटली.

त्यांनी फोन लावला.

"बाबा? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मी काय म्हणतो..." घसा खाकरून त्यांनी कोंबड्यांची सगळी हकिगत सांगितली. "माणसांत तसं नसेल. पण तुझा हट्ट माझ्याकडूनच आलाय, एवढं खरं."

पलीकडून ओला आवाज आला, "रविवारी येऊ?"

"विचारतेस काय? ये. आणि तुझं एखादं मडकं आण, कोंबड्यांना पाणी ठेवायला." (याहून मोठी दाद अप्पांना देता येत नव्हती.)

"आणते. शिंपीकाकांची माफी मागितलीत ना पण?"

"मागणार आहे. चूक कळली म्हणजे मी ताणून धरत नाही."

"कधी मागणार?"

"तो आधी बोलला की लगेच."