चांगोबाकडे रुळायला ठेवलेलं दार

चौकात कुणी परगावचा माणूस चांगोबा सुताराचं घर विचारू लागला, तर आम्ही त्याला दाराची खूण कधी सांगत नसू. कारण चांगोबाच्या घराचं दार सारखं बदलायचं. आज पितळी फुल्यांचं असलं, तर पुढच्या खेपेला साधं चार दिल्ह्यांचं. आणि त्यातलं एकही त्याचं स्वतःचं नसे. गिऱ्हाइकाचं दार तयार झालं की ते आधी स्वतःच्या चौकटीत बसवायचं, मनसोक्त वापरायचं आणि मगच धन्याच्या हवाली करायचं, असा त्याचा नेम होता. त्याची चौकट गावात सगळ्यांत मोठी. दार लहान पडलं तर उरलेल्या जागेत तो फळ्या अडकवी.

"दार म्हंजी नवी सून," तो सांगे. "घरात रुळल्याबिगर तिचा सोभाव कसा कळंल?"

काम मात्र असं करी की नाव ठेवायला जागा नाही. जाड सागाच्या पट्ट्यांची कोरलेली टोकं, म्हणजे कुसवं, खाचांत अशी बसत की मधून दोरा जायचा नाही. वरून लाकडी मेख. मधले दिल्हे, म्हणजे चौकोनी फळ्या, तेवढे तो खाचेत किंचित सैल ठेवी. "पावसाळ्यात लाकूड फुगतंय. त्याला हातपाय पसराया नको? आवळून बसवा, तडाकलंच म्हना!" हे तो असं सांगे की दिल्हा म्हणजे त्याच्याकडे मुक्कामाला आलेला पाहुणाच.

लोधिवलीचे एक पाटील एकदा आपलं दार बघायला आले, तर दार आतून बंद. पाटलांनी हाक मारली.

"कडी वाजवा," आतून उत्तर आलं. "मी आवाज ऐकाया बसलोय."

पाटलांनी कडी वाजवली.

"जोरानं! आता खांदा लावा. ढकला!"

भर उन्हात पाटील स्वतःच्याच दाराशी झुंजत होते आणि सगळी आळी बघत होती. शेवटी अडसर सरकला आणि चांगोबाचं हसरं तोंड बाहेर आलं. "झ्याक जमलंय. पाटलाला बी आत येऊ देत नाय!"

मी गावचा शाळामास्तर; हा किस्सा शाळेतल्या पोरांनाही रंगवून सांगायचो. पुढे माझी पाळी आली तेव्हा ते हसू आटलं.

माझ्या घराचं जुनं दार वाळवीने खाल्लं होतं. त्याच्या जागी बांबूचा तट्ट्या टेकवून मी दिवस काढत होतो. एकदा भटकं कुत्रं तो पाडून थेट चुलीपर्यंत गेलं आणि भाकरी घेऊन निघून गेलं. त्यानंतर बायको बाळंतपणाला कर्जतला माहेरी गेली. मुलगी झाली. बारशाला जाऊन तिला एकदा पाहून आलो, तेवढंच. बायकोने तिथेच निक्षून सांगितलं, "कुत्री शिरतात त्या घरात मी लेकराला आणायची नाही. आधी दार, मग मी."

दार तर तयार होतं. फक्त ते चांगोबाच्या घराला होतं! शाळा सुटली की मी रोज तिकडे जाई. पण शाळामास्तराने बायको-मुलीवाचून करमत नाही म्हणून सुताराला घाई करावी, हे तेव्हा शोभण्यासारखं नव्हतं. मी आपला म्हणे, "चोरांची भीती आहे हो, चांगोबा."

"तुमच्याकडनं चोर काय नेनार, मास्तर? पाटी?"

मग तो दार उघडे, मिटे, त्याला कान लावी आणि मान हलवी. "अजून अवघडलंय." आणि लगेच मला ओट्यावर बसवून हातावर गुळाचा खडा ठेवी. बोरघाटाकडे कुणाची गाडी गेली, कुणाच्या चाकाचा आस मोडला, शाळेत आज कुणाचे कान पिळले, सगळी विचारपूस होई. मी चुळबुळ करू लागलो की तो म्हणे, "आगगाडी आल्यापास्नं मानसांला भलती घाई झालीय." उजेड कमी होई आणि मी हात हलवीत घरी परते.

एक दिवस कर्जतहून आलेल्या गाडीवानाने निरोप दिला, की मुलगी आता हाक मारली की हसते. माझ्याने राहवेना. त्याचीच गाडी घेऊन मी चांगोबाच्या दाराशी, म्हणजे माझ्याच दाराशी, उभा राहिलो.

"दार द्या. रुळलं असो की नसो."

"घाई कसली?"

"माझी मुलगी हसायला लागली हो! आणि मी अजून ते पाहिलं नाही!"

चांगोबाने आ वासला. "लेकरू यायचं हाय? मग चोर चोर काय लावलं व्हतं? आदी बोलाया काय झालं व्हतं, मास्तर?"

मला आणखी चार शब्द सुनावत त्याने दार उतरवलं. एका टोकाला तो, एका टोकाला मी, असं ते गाडीत चढवलं. दिवस मावळायच्या आत दार माझ्या चौकटीत होतं. बोटाने ढकललं तरी बिनआवाज फिरत होतं.

"मग अवघडलेलं काय होतं हो?" मी विचारलं.

चांगोबा पटाशी पुसत होता. "काय बी नाय. कवाच रुळलं व्हतं." ती पिशवीत टाकत तो म्हणाला, "दार माज्याकडं हाय तवर धनी येतोय. बसतोय, बोलतोय. दार गेल्यावर कोन येतंय, मास्तर?"

त्याची बायको पटकीच्या साथीत गेली होती, मूलबाळ नव्हतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मलाही होतं. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो निघून गेला.

दोन दिवसांनी बायको आली. मुलगी माझ्याकडे बघून हसली, आणि मी पोरासारखा रडलो. बायकोने दार चारदा उघडून मिटून पाहिलं. मग मी तिला चांगोबाचं बोलणं सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी आलो, तर मुलीला खांद्यावर टाकून ती ओट्यावर उभी. "चला," म्हणाली.

चांगोबा रंधा मारत होता. आम्हाला पाहून तो दचकून उठला.

"काय झालं? दार अडाकलं?"

"नाही."

"मग मेख निगाली काय?"

"काही झालं नाही, चांगोबा. बसायला आलोय."

"बसाया? नुसतं?"

"नुसतं."

तो एकदम वाकला आणि खांद्यावरच्या पंच्याने ओट्यावरचा भुसा झाडू लागला. ओटा लख्ख झाला, तरी तो बराच वेळ खाली मान घालून झाडतच होता.