आरशाला विसापैकी वीस

कपडे, साबण आणि टॉवेल प्लास्टिकच्या बादलीत भरून रत्नप्रभा घाडीगावकर शेजारच्या नीलमकडे आंघोळीला निघाली, तेव्हा तिच्या नवऱ्याने दार अडवलं.

"स्वतःचं बाथरूम असताना दुसऱ्याकडे आंघोळ? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुमचा आरसा मला करंट देतो."

"मुंग्या येत असतील हाताला. डॉक्टरला दाखव."

राग आला की रत्नप्रभा थेट मालवणीत शिरायची. "माका मुंग्यो? त्या आरशाक हात लावल्यावरच येतत? आधी तो आरसो कोणाक तरी दाखवा!"

बादली घेऊन ती बाहेर पडली आणि जाताना दार असं आपटलं की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला.

आरसा तिच्या नवऱ्याने, म्हणजे चंद्रप्रकाश सरांनी, ऑनलाइन मागवला होता. सभोवती दिव्याची झगमगती कड, वाफ धरू नये म्हणून मागे हीटर. निवृत्तीनंतर गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं राहून ऐटीत दाढी करावी, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून शॉवरच्या अगदी बाजूला स्वतः भोकं पाडून त्यांनी तो लावला आणि गीझरच्या पॉइंटमधून वायर ओढली. खोक्यावर 'आयपी २०' छापलेलं होतं. आयुष्यभर शाळेत तोंडी परीक्षेचे वीस गुण देत आलेल्या माणसाला आणखी काय हवं? "विसापैकी वीस!" ते म्हणाले होते. "पाण्यात बुडवला तरी चालेल."

तेव्हापासून मेन बोर्डावरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की घराची वीज तोडणारा स्विच, अधूनमधून पडायचा आणि घरभर अंधार व्हायचा. एकदा तर सर स्क्रूड्रायव्हर घेऊन बोर्डासमोर उभे राहिले. "हे यंत्रच भित्रं आहे. काढूनच टाकतो."

रत्नप्रभा हात पसरून बोर्डाला पाठ लावून उभी राहिली. "ऋतिका येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

ऋतिका म्हणजे त्यांची मुलगी, एका इलेक्ट्रिकल कन्सल्टंटकडे कामाला. ती साइटसाठी नागपूरला गेली होती. "मुलीला विचारू? मी काय अडाणी आहे?" असं म्हणत सरांनी स्क्रूड्रायव्हर आपटला खरा, पण बोर्ड वाचला.

बादलीची वरात मात्र रोज निघू लागली आणि दिंडोशीच्या त्या सोसायटीत बातमी पसरली. लिफ्टमध्ये ती 'सरांचं आणि वहिनींचं बिनसलंय' अशी होती. भाजीवाल्यापाशी पोचेपर्यंत सरांनी बाथरूमला कुलूप लावलं होतं. रविवारी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी विद्याधर समेट घडवायला येऊन बसले.

"सर, या वयात बायकोला पाणी तोडणं बरं नाही दिसत."

"पाणी तोडलं? मी?" सर ताडकन उठले.

"वहिनींचं काही चुकलं असेल तर पदरात घ्या—"

"माझं काय चुकलं?" रत्नप्रभा झारा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "करंट मला लागतो आणि चूक पण माझीच?"

"चला!" सर गरजले. "आत्ताच्या आत्ता दाखवतो. नीलमला पण बोलवा. सगळ्यांना बोलवा!"

बनियन आणि हाफ पँटीत सर शॉवरखाली उभे राहिले. दारात विद्याधर, नीलम आणि हातात झारा तसाच धरलेली रत्नप्रभा. सरांनी शॉवर सुरू केला. आरशावरून पाणी ओघळू लागलं.

"बघा! होतंय काही? आहे कुठे करंट?"

"अहो, हात नका लावू!" रत्नप्रभा ओरडली.

सरांनी हात लावला.

टक्! बोर्डावर ईएलसीबी पडला. "आई गं!" करून सर मागे फेकल्यासारखे ओल्या लादीवर बसले. पंखे थांबले. समेटाला आलेले विद्याधर एव्हाना जिन्यात पोचले होते.

त्याच जिन्यातून बॅग घेऊन ऋतिका वर येत होती. तिने बाबांना उठवून खुर्चीत बसवलं, बाथरूममध्ये डोकावली आणि माळ्यावरचा खोका काढला.

"बाबा, हे गुण नाहीत. यातला पहिला आकडा बोट किंवा धूळ आत जाऊ नये यासाठी. दुसरा पाण्यासाठी. दुसरा किती आहे?"

"शून्य," सर पुटपुटले.

"म्हणजे पाण्यापासून संरक्षण शून्य. आणि लावलात कुठे, तर शॉवरला चिकटून. अर्थिंगची वायर तर लोंबतेय नुसती! आज तो ईएलसीबी बोर्डावर नसता ना बाबा, तर..."

रत्नप्रभाने पाण्याचा ग्लास पुढे केला. "हजारो पेपर तपासले," ती म्हणाली, "आणि एक खोको वाचूक जमलो नाय?"

सर पाणी प्यायले. डॉक्टरने तपासून काही झालं नसल्याचं सांगितलं. आरसा निघाला, वायर निघाली. पण माणूस मुळात शिक्षक. ऋतिकाने बाथरूमचे भाग समजावून सांगताच त्यांनी लाल खडूने भिंतीवर रेघा ओढल्या. जिथे पाणी साठतं तो झोन शून्य, शॉवरखालचा झोन एक, त्याच्या बाजूचे दोन फूट झोन दोन. मग सगळ्या मजल्यांवरची बाथरूमं तपासून आले. नीलमला शॉवरशेजारच्या प्लगवरून झापलं, विद्याधरांना तर पुन्हा पुन्हा झापलं.

शेवटी घरी येऊन आपल्याच रेघांकडे बघताना त्यांची नजर वॉशिंग मशीनच्या प्लगवर गेली.

"झोन दोन! बंद!" त्यांनी मेन स्विच पाडून प्लग उपसला.

"पॉइंट बाहेर पॅसेजमध्ये घेऊ," ऋतिका म्हणाली. "पण आमचा वायरमन गावी गेलाय. गणपतीनंतर येईल."

सगळ्यांना वाटलं, आता रत्नप्रभा भडकणार. ती विलक्षण शांत होती. "बरोबर आहे," ती म्हणाली. "नियम म्हणजे नियम." तिने चादरी, पडदे आणि ऋतिकाच्या साइटवरच्या मळकट जीन्स आणून सरांच्या पुढ्यात ठेवल्या, वर धुण्याचा ब्रश ठेवला आणि सोफ्यावर पाय पसरून बसली.

थोड्या वेळाने विद्याधरांचा फोन आला. सोसायटीच्या सभेत सरांनी वीजसुरक्षेवर चार शब्द बोलावेत, अशी सगळ्यांची इच्छा होती. "सर आहेत का वहिनी?"

"आहेत ना," रत्नप्रभा म्हणाली. "झोन एकमध्ये. चादरी धुतायत."