वाकड्या तोंडाची पदवी

दातवाल्या काकूंनी नवऱ्याला सांगितलं होतं की हा तीन महिन्यांचा छंदवर्ग आहे. शनिवार-रविवार जायचं, मातीत बोटं घालायची आणि दिवेलागणीला घरी. प्रत्यक्षात ती कलाशाखेची चार वर्षांची पदवी होती, रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि आज तिची मुलाखत होती. पण जिने उभी हयात दातांच्या लॅबमध्ये खोटे दात बेमालूम बसवण्यात घालवली, तिला एक खोटं बसवणं काय जड?

नवरा मात्र निवृत्त तिकीट तपासनीस. कुणी खरं बोललं तरी त्याला आधी संशय यायचा.

"छंदवर्गाला मुलाखत कसली गं?" कॉलेजच्या फाटकातच त्याने विचारलं.

"बघतात हो, या वयात हात थरथरतात का ते."

"मग मी बाहेर बाकावर बसतो. थरथरले तर हाक मार."

प्रौढ विद्यार्थ्यांसाठी जागा एकच होती, आणि विभाग ज्याचा त्याने निवडायचा होता. काकू सगळीकडे फिरून आल्या. चित्रकलेच्या वर्गात एका कोऱ्या कॅनव्हाससमोर एक पोरगा हात बांधून उभा होता.

"हे काय आहे रे?"

"हा अभाव आहे."

"कशाचा?"

"तेच तर, काकू!"

उपयोजित कलेच्या वर्गात सगळे कॉम्प्युटरला चिकटलेले. एकाचंही नख मळलेलं नाही. ज्या घरात कुणाचे हात मळत नाहीत, तिथे काम कोण करतं कोण जाणे, असं मनाशी म्हणत काकू मूर्तिकलेच्या दारात पोचल्या, आणि ओल्या मातीचा वास नाकात गेला. माहेरच्या अंगणात पाय ठेवल्यासारखा जीव थंड झाला. तीस वर्षं मेण आणि प्लॅस्टर हुंगलेल्या नाकाला माती म्हणजे लग्नाचं आमंत्रणच.

विभागप्रमुख दाढीवाले सर. त्यांनी काकूंची चित्रं एकेक करून उलटली. गुलाब, वाटी, मांजर.

"बाई, या मांजराच्या दोन्हीकडच्या मिशा सारख्या आहेत."

"मोजून काढल्यात, सर."

"तेच म्हणतोय मी." सरांनी दाढी खाजवली. "चित्रकलेचे सर मवाळ आहेत. ते घेतील तुम्हाला. माझ्याकडे यायचं तर मला अजून काहीतरी दिसायला हवं. जेवून येतो मी. तोवर ठरवा. परीक्षकही यायचे आहेत, शेवटच्या वर्षाची कामं बघायला."

सर गेले. काकू खोलीत एकट्या उरल्या. म्हणजे एकट्या नव्हेच. समोर घडवंचीवर, ओलं फडकं अर्धवट सरकलेलं, एका पुरुषाचं मातीचं डोकं होतं.

काकूंनी जवळ जाऊन त्याचं तोंड पाहिलं. जबडा एकीकडे घसरलेला. वरचा ओठ डावीकडून उचललेला, त्याखालून एक सुळा डोकावतोय. खालचे दात वरच्यांना विचारत नाहीत, वरचे खालच्यांना ओळख देत नाहीत. अशी कवळी लॅबमध्ये कुणी केली असती तर काकूंनी ती त्याच्याच तोंडात कोंबली असती.

"कुणा नवख्या लेकराचं काम दिसतंय," त्या पुटपुटल्या, आणि पर्समधली मेण कोरायची सुरी कधी हातात आली ते त्यांना कळलंसुद्धा नाही.

फक्त सुळा आत ढकलायचा होता. पण सुळा आत गेला तर ओठ लोंबला. ओठ बसवला तर जबडा सरळ करणं आलं. जबडा सरळ झाला आणि गाल उपरे दिसायला लागले. गाल उचलले तर डोळे सुतकी. त्यांच्या कडांना दोन हलक्या सुरकुत्या दिल्या, की झालं! काकू मागे सरकल्या. समोरचा गृहस्थ आता टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या नवरदेवासारखा हसत होता.

तेवढ्यात दारातून किंकाळी आली.

"माझा मामा!"

निळ्या केसांची एक मुलगी हातातला डबा तसाच धरून उभी होती.

"काय केलंत तुम्ही माझ्या मामाचं?"

"अगं, जरा दातांचा चावा जुळत नव्हता गं—"

"जुळायचाच नव्हता! माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे ती! मी कलेला जाणार म्हटल्यावर मामा जसा बघून हसला ना, 'माती कालवून पोट भरतं का?' म्हणाला, ते तोंड आहे ते! ते तोंड मी वर्षभर घडवलंय! आणि तुम्ही..." तिला रडू फुटलं. "तुम्ही त्याला चांगला माणूस केलंत, काकू!"

काकूंच्या हातातली सुरी गळून पडली. आपली एक जागा गेली तर गेली, पण पोरीचं वर्ष? "थांब, मोडलंय मी, मीच करते." त्यांनी जबडा धरला, वाकडा केला. बोटांनी तो परत सरळ केला. ओठ उचलला, बोटांनी तो खाली बसवला. तीस वर्षांची शहाणी बोटं, वाकड्या वाटेला जाईनात.

"मला तरी कुठे आता जमतंय?" मुलगी नाक पुसत म्हणाली. "हसरा मामा बघितला आणि जुना डोळ्यासमोरून गेला. समोर तसं तोंड हवं कुणाचं तरी."

काकू खिडकीशी गेल्या आणि ओरडल्या, "अहो! जरा आत या!"

तपासनीस आले. मुलीने त्यांना स्टुलावर बसवलं.

"काका, जरा तुच्छतेने बघा ना."

कुणी नीट विनंती केल्यावर कुठला माणूस तुच्छतेने बघेल? तपासनिसांनी केसांवरून हात फिरवला, कॉलर सरळ केली आणि पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा गोड चेहरा केला. मुलीने कपाळाला हात लावला.

काकूंनी घड्याळाकडे पाहिलं. एकच उपाय होता, खरं सांगून टाकणं, आणि ते तर त्या घरी, सावकाश, चांगला दिवस बघून सांगणार होत्या.

"अहो, हा छंदवर्ग नाहीये."

"म्हणजे?"

"पदवी आहे. चार वर्षांची. रोज."

तपासनिसांचा डावा ओठ हळूहळू वर चढला. विनातिकीट प्रवासी सापडावा तसे डोळे बारीक झाले. जबडा एका बाजूला सरकला आणि तिथेच मुक्काम करून राहिला.

"हलू नका, काका!" मुलगी मातीवर तुटून पडली.

"रोज? चार वर्षं? या वयात पाठीला दप्तर लावून?"

"काकू, सुळा दिसत नाहीये अजून!"

"लॅबची नोकरीही सोडलीय मी," काकू म्हणाल्या.

सुळा दिसला.

"सोडली? मला न विचारता? ही माती कालवून काय देव घडवणार आहेस तू?"

"बोला, बोला," काकू म्हणाल्या. त्यांनीही टोपलीतला मातीचा गोळा उचलला होता. नवऱ्याच्या तोंडाकडे बघता बघता त्यांची बोटं पहिल्यांदाच सरळ करायचं विसरली. लग्नात पाहिलेलं हे तोंड, बाळंतपणात पाहिलेलं, पहिल्या पगाराच्या दिवशी पाहिलेलं. किती वर्षं या तोंडाला त्या घाबरल्या होत्या, आणि किती वर्षं हेच तोंड आजारपणात उशाशी रात्र रात्र जागलं होतं. तेही वाकडंच, कारण त्याला दुसरं येत नव्हतं. रागाने आणि मायेने त्यांनी ओठाची कड दाबली, आणि ती वाकडी राहिली.

"लोक काय म्हणतील? आजीबाई निघाल्या शाळेला!"

"मान थोडी उजवीकडे घ्या, आणि मग म्हणा."

"घेतली! आजीबाई निघाल्या शाळेला! आता झालं समाधान?"

दाराशी कुणीतरी खाकरलं. दाढीवाले सर आणि परीक्षकबाई. तपासनीस गप्प झाले, पण तोंड वाकडं ते वाकडंच. परीक्षकबाईंनी मामाचं डोकं पाहिलं, मुलीची मातीने भरलेली कोपरं पाहिली, आणि काही न बोलता वहीत भरभरून लिहू लागल्या.

"सर, सांगायला हवं," काकू म्हणाल्या. "मी ते बिघडवलं होतं. मला वाटलं दुरुस्ती करतेय. हिने पुन्हा स्वतःच्या हाताने उभं केलं. हिचे गुण कापू नका. माझं काय करायचं ते करा."

सरांचं लक्षच नव्हतं. ते टेबलाच्या कडेवरचा गोळा बघत होते. डोकं नाही, डोळे नाहीत, फक्त एक तोंड, ओरडता ओरडता काळजी करणारं.

"हे कुणाचं काम?"

"माझंच."

"आणि हे तोंड कुणाचं?"

सगळ्यांनी तपासनिसांकडे पाहिलं. परीक्षकबाई वही मिटून त्यांच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आल्या. "अप्रतिम," त्या म्हणाल्या. "असे स्नायू हल्ली दिसत नाहीत."

आयुष्यभर लोकांनी तपासनिसांना बघून खिडकीबाहेर बघितलं होतं. कुणी झोपेचं सोंग घेतलं होतं, कुणी बुटाची नाडी बांधली होती. हा चेहरा मुद्दाम, जवळ येऊन, आनंदाने बघणारं माणूस त्यांना पहिल्यांदा भेटत होतं. त्यांचे गाल तापले. ओठ खाली यायला लागला.

"नाही नाही, हसू नका!" सर धावले. "साहेब, आमचे मॉडेल गावी गेलेत, परत यायचं नाव नाही. मूर्तिकलेच्या प्रत्येक वर्गाला चेहरा लागतो. तुम्ही याल का? रोज?"

"मी? कॉलेजात? या वयात?" तपासनीस म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. त्यांनी हळूच खिडकीच्या काचेत स्वतःचा ओठ बघितला. "करायचं काय असतं?"

"काहीच नाही. बसायचं. फक्त एक नियम कडक आहे. वर्ग चालू असेतो मॉडेलने तोंडातून एक शब्द काढायचा नाही."

"एवढंच ना? मग येईन की."

काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हाताची माती सावकाश फडक्याला पुसली.

"बरं, बाई," सर त्यांच्याकडे वळले, "तुमचं काय ठरलं? चित्रकला, उपयोजित, की आमच्याकडे?"

"सर, हा न बोलण्याचा नियम," काकूंनी विचारलं, "चारही वर्षं असतो?"

"चारही वर्षं."

"मग मूर्तिकला लिहा."