एक सदस्य, बासष्ट नियंत्रक

बाळांनो, डोळे मिटा आणि एक गाव मनात आणा. (आणलंत की डोळे उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं?) वडूजपासून थोडं पुढे, माळेवाडी. गाव आलं की माणसं आली, माणसं आली की मतं आली, आणि मतं आली की ती आवरायला कुणीतरी लागतंच. प्रश्न एवढाच, की किती जण लागतात. थोर थोर राज्यं इथे अडखळली. माळेवाडीने तो प्रश्न एका बैठकीत सोडवला.

फौजेतून सुभेदार होऊन परतलेल्या नानासोंनी मोबाइलवर ‘माळेवाडी विचारमंच’ नावाचा गट काढला. माणसं त्रेसष्ट, नियंत्रक एकटे नानासो. लोक सकाळी फुलांचे फोटो टाकत, नानासो दुपारी ते पुसत. कारभार बरा चालला होता. पण एकट्याने घेतलेला निर्णय लगेच होतो, आणि मग चर्चेला काही उरतच नाही, ही मोठी उणीव गावाच्या ध्यानात आली.

बैठक देवळात भरली.

“दिवसाला वीस मेसेज येत्यात,” नानासो म्हणाले. “आनी एक नियंत्रक घिऊ. दोघं बास.”

“आवं नानासो, मेसेज कसलं मोजताय? मान मोजा, मान!” रस्त्याकडेच्या गोठ्याचा बिराप्पा उठला. “पालखीला खांदं चार लागत्यात. पर मान चौदा घरांचा हाय. दहा घरं नुसता हात लावून चालत्यात. त्यास्नी कवा कुणी घरी जावा म्हनलं का?”

कुणी म्हटलं नव्हतं. चौदा नियंत्रक झाले.

मग त्यातल्या निम्म्या घरांत भाऊ वेगळे निघालेले, तेव्हा धाकट्याने काय घोडं मारलं होतं? तेही आले. सुना म्हणाल्या, आमी काय नुसती फुलं टाकायला हाय व्हय? त्याही आल्या. माजी सैनिक हुद्द्यामुळे आले, जतकडचे जावई पाहुणचार म्हणून आले. रुसणाऱ्यांसाठी पाच जागा राखीव होत्या. त्या भरल्या म्हणून आणखी तिघे रुसले, त्यांनाही घेतलं. (सर्वांत नियमित काम रुसणाऱ्यांनीच केलं, असं पुढे दिसून आलं.) असे बासष्ट झाले.

उरली सहावीतली दीपमाला. आईला फोन नको होता म्हणून तो दीपमालाकडे असे. एक तरी साधा सदस्य राखलाच पाहिजे, नाहीतर नियंत्रण करायचं कुणाचं, हे नानासोंनी वेळीच ओळखलं. नियमही त्यांनीच लिहिले. सदस्याचा मेसेज बासष्टांनी मंजूर केल्यावरच दिसेल, आणि मंजुरीआधी नियंत्रकाने सदस्याला उत्तर देणं हा गंभीर भंग समजला जाईल.

बुधवारी सकाळी दीपमालाने लिहिलं, “आमची गाभण कालवड दावं तोडून गेलीय. आज-उद्या व्याची हाय. कपाळावर पांढरा टिळा. कुणी बघितली का?”

नियंत्रकांच्या वेगळ्या गटात चर्चा सुरू झाली. हा विचारमंच आहे, तर कालवड हा विचार धरावा काय, यावर सकाळ गेली. दुपारी बिराप्पाने हरकत घेतली.

“टिळा पांढरा न्हाई, पिवळसर हाय. चुकीची माहिती पसरंल.”

नानासोंनी त्याला फोन लावला. “तुला रं काय ठावं?”

“म्होरं बांधलीया की! सकाळीच गोठ्यात शिरली. वैरण टाकलीया. लय गरीब जनावर.”

“मग सांग की रं पोरीला!”

“सांगितलं असतं. पर मेसेज मंजूर कुठं झालाय? नियम तुमचाच न्हवं?”

नानासोंनी फोन ठेवला. फौजेत हुकूम हुकूमच असतो, मग तो स्वतःचा का असेना. बिराप्पाने कालवडीचा फोटो नियंत्रकांच्या गटात टाकला. एकसष्ट अंगठे उमटले. एवढं एकमत मंचावर पूर्वी कधी झालं नव्हतं.

तिन्हीसांजेला नानासोंना खिडकीतून दीपमाला दिसली. हातात तुटलेलं दावं, पाय चिखलाने भरलेले, आवाज बसलेला. “हरणेऽऽ!” अशी कालवडीला हाक मारत ती ओढ्याकडे निघाली होती. तिकडे कुत्री फार. नानासो बिराप्पाच्या गोठ्याकडे तोंड करून जोरात खोकले. (खोकण्यास नियमात मनाई नव्हती.) पोरीला वाटलं, म्हाताऱ्याला सर्दी झाली.

तेवढ्यात गोठ्यातून हंबरणं ऐकू आलं. कालवडीला नियम ठाऊक नव्हते. तिने मंजुरीशिवाय उत्तर दिलं.

“ने बाई,” दार उघडत बिराप्पा म्हणाला. “पर मंचावर बोलू नगंस. इषय अजून विचारात हाय.”

रात्री कालवड घरी व्याली. शुक्रवारी ‘पिवळसर’ अशा दुरुस्तीसह मेसेज मंजूर झाला आणि बासष्ट जणांनी कळवळून विचारलं, “सापडली का?”

दीपमाला नानासोंच्या ओट्यावर येऊन उभी राहिली.

“आवं आजोबा, मला मंचातनं जायाचं हाय.”

“बदली सदस्य दिल्याबिगार जाता येत न्हाई, बाळा.”

“कोण बी चालंल?”

“चालंल की. गरीब पायजे. सगळं वाचनारा, मधी हसनारा, पर तोंडानं काय न बोलनारा.”

दीपमालाने क्षणभर विचार केला. पोर ओढ्याकडे निघाली तेव्हा कालवड कुठे आहे हे पक्कं ठाऊक असूनही ज्याने तिला हाक मारली नाही, आणि जो इथवर मजेत वाचत आला, त्याचं नाव तिने बदली सदस्य म्हणून घातलं. म्हणजे तुमचं. मग ती वासराला पाजायला निघून गेली.