तेरा फुटांच्या डब्यात दीड टन थंडी

निसर्गाच्या जवळ जायचं असेल, तर निसर्ग आत येणार नाही याची व्यवस्था आधी करावी लागते. रानटी माणूस उकडलं की झाडाखाली जाऊन बसतो. प्रगत माणूस झाडाखाली उभ्या केलेल्या डब्यात जाऊन बसतो आणि दार लावून घेतो.

लिफ्ट तपासणारे साहेब या बाबतीत पुष्कळ प्रगत होते. एकतीस वर्षं त्यांनी लिफ्टमध्ये ‘सहा माणसं, चारशे आठ किलो’ अशा पाट्या ठोकवल्या होत्या. माणूस भेटला की त्यांना आधी त्याचं वजन दिसे, मग चेहरा. (नातेवाइकांचं लग्नाला बोलावणं यामुळे कमी झालं होतं.) बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. एकोणतीस वर्षं बिनखिडकीच्या खोलीत बसून तिने लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाली, तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली.

“एक महिना तळ्याकाठी राहायचं. खिडकी सताड उघडी टाकून झोपायचं. बाकी मला काही नको.”

साहेबांनी शब्द पाळला. गाडीमागे जोडून न्यायचा तेरा फुटी ट्रेलर आणला. आत एक पलंग, एक शेगडी आणि समोरासमोर दोन खिडक्या. बायकोने आत शिरून दोन्ही खिडक्या उघडल्या. वारा या खिडकीतून त्या खिडकीत गेला. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. केस तोंडावर येत होते, ते तिने सारले नाहीत.

तेवढ्यात तिच्या भावाने दारातून डोकं आत घातलं.

“दाजी, एसी कुठाय?”

“तळ्याकाठी वारा असतो,” साहेब म्हणाले.

“वारा?” मेहुण्याने अशा सुरात विचारलं, जणू साहेब बैलगाडीने निघाले होते. “लोक काय म्हणतील?”

लोक काही म्हणाले नव्हते, कारण लोकांना विचारलंच नव्हतं. पण प्रश्न बिनतोड होता. दुसऱ्याच दिवशी एसीचा मिस्त्री आला. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं.

“साहेब, ही भिंत नाही. बाहेर पत्रा, मध्ये थर्माकोल, आत प्लायवूड. हिच्यावर कॅलेंडर टांगायचं तरी हिला विचारून टांगावं. आणि एवढ्याशा डब्याला दीड टन कशाला?”

“कमी पडायला नको,” साहेब म्हणाले. (पृथ्वीतलावरची बहुतेक बांधकामं याच वाक्याच्या पायावर उभी आहेत.)

भिंतीला आतून लोखंडी चौकट मारली. ती नेमकी एका खिडकीवर आली, सबब ती खिडकी प्लाय ठोकून बुजवण्यात आली. एसीचा बाहेरचा भाग मागच्या बाजूला टांगला. त्याबरोबर ट्रेलरचं नाक वीतभर वर उचललं गेलं. तोल साधायला पुढे वजन हवं होतं आणि एसीला वीज हवी होती. साहेबांनी पुढच्या लोखंडावर बावन्न किलोंचा जनरेटर बसवून दोन्ही प्रश्न एका दगडात पाडले. ट्रेलर काटेकोर सपाट झाला. साहेब इतके खूश झाले, की त्यांनी तीन वेळा पाणसळ लावून पाहिली.

जनरेटरचा धूर आणि धडधड उरलेल्या खिडकीतून थेट पलंगावर येई. म्हणून सुरक्षिततेच्या कारणास्तव तीही स्क्रूने पक्की बंद केली. दोन्ही खिडक्या बंद झाल्यावर ट्रेलरमध्ये असं काही उकडू लागलं, की एसीची गरज कुणालाच नाकारता येईना.

बायकोने स्क्रूंवर बोट फिरवलं. “खिडक्या?”

“आता लागणारच नाहीत!”

“बरं,” ती म्हणाली. (चौतीस वर्षांच्या संसारात साहेबांनी तिचे अकरा प्रकारचे ‘बरं’ ओळखायला शिकून घेतले होते. हा बारावा होता.)

तळ्याकाठी एक्केचाळीस ट्रेलर उभे होते आणि एक्केचाळीस एसी चालू होते. प्रत्येकाच्या एसीची गरम फुंकर शेजाऱ्याच्या भिंतीवर बसे, मग शेजारी आपला एसी दोन अंशांनी उतरवी, की त्याची फुंकर पुढच्याच्या भिंतीवर. ट्रेलरच्या आत अठरा अंश, दोन ट्रेलरच्या मधल्या बोळात चौतीस आणि पाण्याच्या काठावर, जिथे कुणीच बसत नसे, सव्वीस. या तिन्हींची सरासरी काढली तरी सव्वीसच येते. यावरून विज्ञानाने निसर्गाची बरोबरी साधली हे सिद्ध होतं.

तिसऱ्या दिवशी एसीचं पाणी बायकोच्या उशीवर ठिबकू लागलं. चौथ्या दिवशी भर दुपारी ती स्वेटर घालून बसलेली दिसली. पाचव्या दिवशी तिने उशी उन्हात वाळवली, तिथली राखणदारीण बाई होती तिच्याकडून एक जुना तंबू मागून घेतला आणि पाण्याकाठी ठोकला.

“अगं, आत ये. मस्त गार आहे,” साहेब दारातून म्हणाले.

“एकोणतीस वर्षं गारच खोलीत होते मी,” ती दोरी आवळत म्हणाली. “तिथली यंत्रं तापू नयेत म्हणून खोली गार ठेवायचे. आम्ही आपल्या यंत्रांसोबत बसायचो.”

साहेब आत येऊन बसले. त्यांना तिच्याकडे पाहावंसं वाटलं, पण पाहायला खिडकी नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी पान्ह्यांच्या पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि खिडकीचे आठही स्क्रू उघडले. भसकन धूर आत आला. त्यांनी जनरेटर बंद केला. एसीने एक लांब सुस्कारा टाकला.

त्या शांततेत त्यांना हसू ऐकू आलं. बायको राखणदारणीला एक्स्चेंजमधली कुठलीतरी फजिती सांगत होती आणि सांगता सांगता स्वतःच पोट धरून हसत होती. साहेबांनी असं हसू कधी ऐकलं होतं, ते त्यांना आठवेना. ते खिडकीत उभे राहिले. वारा अंगावर येत होता. तो कितीवर आहे हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मग दाराशी येऊन एक पाय त्यांनी बाहेर टाकलाही.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. “काय दाजी, कूलिंग कसं आहे?”

साहेबांनी तंबूकडे पाहिलं, मग एसीकडे पाहिलं.

“झकास,” ते म्हणाले. पाय आत घेतला, आठही स्क्रू पुन्हा आवळले आणि जनरेटर सुरू केला.

महिना संपला तेव्हा ते एकटेच परतले. बायकोने आपला मुक्काम वाढवून घेतला होता. तो अजून संपलेला नाही. साहेबांच्या सल्ल्याने नात्यातल्या चौघांनी असेच ट्रेलर करून घेतले आणि सगळे समाधानी आहेत, निदान फोनवर.

वाचकहो, साहेबांना जरूर हसा. फक्त हसून झालं की उठून आपल्या खोलीची खिडकी उघडून पाहा. कडी गंजलेली निघाली तर मनाला लावून घेऊ नका. आणि उघडलीच, तर ‘अरे, गार हवा बाहेर जातेय!’ असं आतून कोण ओरडतं, तेवढं नीट ऐका. आवाज बहुधा ओळखीचा असेल.